बोल्टवरची लाल रेघ

दारात आलेल्या बाईने मुठीत काहीतरी घट्ट धरलं होतं. आत या म्हटलं तरी ती आत येईना.

"वहिनी, तुमच्याकडे कोणीतरी आलंय," भावजींनी वर्तमानपत्रातून डोकं न काढताच हाक दिली.

भावजी हे निवृत्त चित्रकला शिक्षक. मोठा भाऊ गेल्यापासून ते वहिनींच्या शेजारच्याच खोलीत राहत. वहिनींनी उभा जन्म एका विमा कंपनीत अपघाताच्या गाड्या तपासण्यात घालवला होता. गाडी खरंच आदळली की आदळवली, हे त्यांना गाडीभोवती एक फेरी मारली की कळे. निवृत्तीनंतर लोक आपली भानगड घेऊन थेट घरी येऊ लागले. भावजींकडे दोन कामं होती. गाडी चालवायची आणि मधूनमधून चुकीचे तर्क लढवायचे. दोन्ही ते मन लावून करत.

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. बाईने एका दमात सांगून टाकलं.

"माझ्या नवऱ्याला पोलिसांनी नेलंय. माणूस मेला त्याच्यामुळे, असं म्हणतात. त्यांनी फक्त गाडी दुरुस्त केली हो."

डोंगराच्या पायथ्याशी दोघा भावांचा एक कॅम्प होता. चार जाड टायरांच्या, खडकाळ चढावर चढणाऱ्या गाड्या तिथे भाड्याने फिरवायला मिळत. एटीव्ही म्हणतात त्यांना. बाईचा नवरा तिथला मिस्त्री. तीन दिवसांपूर्वी सकाळी त्याने एका मोठ्या एटीव्हीची टायमिंग चेन, म्हणजे पिस्टनच्या चालीशी व्हॉल्व्हची उघडझाप जुळवणारी साखळी, बदलली, व्हॉल्व्ह दाबणारे टॅपेट सेट केले आणि दुपारी जेवायला घरी आला. तेवढ्यात थोरले मालक ती गाडी घेऊन मोठ्या चढणीवर गेले. अर्ध्या चढणीत इंजिन बंद पडलं, गाडी मागे घसरली आणि उलटी होऊन त्यांच्या अंगावर पडली. ते जागेवरच गेले.

"दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या जाणकाराने इंजिन उघडलं," बाई म्हणाली. "टायमिंग चुकीचं बसवलंय म्हणाला. आणि वर म्हणाला, दुसऱ्या कोणी हात लावलेला नाही, कारण मिस्त्रीची रेघ शाबूत आहे."

"कसली रेघ?"

बाईने मूठ उघडली. आत नेलपॉलिशची बाटली होती, गर्द डाळिंबी रंगाची.

"बोल्ट आवळला की ते त्याच्यावरून रेघ ओढतात. नंतर कोणी बोल्ट फिरवला तर रेघ तुटते, लगेच समजतं. कॅम्पवर सगळ्यांना माहीत आहे. मागची बाटली संपली म्हणून त्या दिवशी माझी नेली. भावाच्या लग्नासाठी आणली होती मी. सकाळी त्यावरून मी त्यांना नाही नाही ते बोलले. दुपारी जेवायला बसताना त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली. घे बाई तुझी इस्टेट, म्हणाले. घास तोंडात जायच्या आत बोलावणं आलं."

"तेव्हापासून बाटली तुमच्याजवळच?"

"उशाशी घेऊन झोपते."

वहिनींनी बाटली उजेडात धरली, मग भावजींपुढे केली. "रंग नीट बघून ठेवा, मास्तर."

वहिनी 'मास्तर' म्हणाल्या की काम हाती घेतलं, एवढं भावजींना समजत होतं. ते गाडीची किल्ली शोधायला उठले.

*

कोठडीत मिस्त्री भिंतीला टेकून बसला होता. मोठे, काळे पडलेले हात त्याने मांडीवर असे ठेवले होते, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत. वहिनी त्याच्यासमोर खालीच बसल्या.

"काय केलंत ते पहिल्यापासून सांगा."

"गाडी रात्रभर उभी होती, इंजिन गार होतं. गरम इंजिनाचे टॅपेट मी बघत नाही, माप खोटं येतं. आधी सीट काढली."

"सीटखाली काय होतं?"

"बॅटरी, वायरी आणि ढीगभर धूळ. हवा मारून सगळं लख्ख केलं. मग जुनी चेन काढली, नवी चढवली. मॅग्नेटवरची खूण खाचेसमोर आणली, म्हणजे पिस्टन अगदी वर. कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, दातेरी चाकावरची खूण इंजिनाच्या डोक्याच्या कडेला जुळवली. चाकाचे दोन बोल्ट आवळले, पुसले, कोरडे केले, रेघ मारली. इंजिन हाताने दोनदा पुरतं फिरवलं, पुन्हा खुणा बघितल्या. मग फिलरची पातळ मापपट्टी घालून दोन्ही टॅपेटचं अंतर ठेवलं."

"सुरू करून बघितली?"

"तर! पहिल्या बटणाला सुरू. टकटक नाही, धूर नाही." तो थांबला. "बाई, तीन दाते चुकले म्हणतात. एक दाता चुकला तरी मला आवाजावरून कळतं. तीन? माझाच माझ्यावर विश्वास राहिलेला नाही आता. रात्री डोळे मिटले की त्या खुणाच दिसतात."

"थोरले मालक स्वतः का गेले गाडी घेऊन?"

"नियमच होता त्यांचा. इंजिन उघडलेली गाडी आधी मी चढणीवर नेणार, मग गिऱ्हाईक. ती पोरगी पडल्यापासूनचा."

भावजींना त्या हातांकडे बघवेना. बाहेर येताच ते म्हणाले, "माणूस खरा वाटतो, पण चूक कोणाकडूनही होते, वहिनी. बायकोशी भांडून आला होता. डोकं ठिकाणावर नसेल."

"होते ना. पण गाडी चालू झाली, हे तो खोटं सांगत नाहीये. ती चढणीच्या अर्ध्यापर्यंत गेली होती, भावजी. ढकलत नव्हती नेली कोणी."

*

कॅम्प बंद होता. गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि एकीची जागा मोकळी होती. चढणीच्या पायथ्याशी दगडावर कॅम्पचा गाईड बसला होता. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणत. चढणीवरच्या खडकांवर दिशा दाखवणारे भडक लाल बाण होते.

"बाण कोणी रंगवले?" भावजींनी विचारलं.

"मीच. डबा शेडमध्ये असतो. उन्हाने उडतात, सारखे रंगवावे लागतात." शिट्टीचे डोळे सुजलेले होते. "मी इथेच उभा होतो. साहेबांनी सपाटीवर एक फेरी मारली, मग चढणीला लागले. गाडी अशी मस्त ओढत होती! त्या कोपऱ्यावर, सगळ्यात उभा चढ आहे ना, तिथे एकदम गप्प."

"बंद पडण्याआधी खोकली? फटफट आवाज? अडखळली?"

"काही नाही. नळ बंद करावा तसा आवाज तुटला. मग मागे यायला लागली. साहेबांनी ब्रेक दाबला आणि..." त्याने तोंड फिरवलं.

वहिनींनी मग मिस्त्री म्हणाला त्या पोरीबद्दल विचारलं.

"मागच्या वर्षी," शिट्टी म्हणाला. "कॉलेजची मुलगी होती. ह्याच कोपऱ्यावरून मागे आली. अजून चालता येत नाही तिला. मी रजेवर होतो, ट्रॅक धाकटे साहेब बघत होते. घाबरून तिनेच काहीतरी चुकीचं दाबलं असं ठरलं. पण थोरल्या साहेबांच्या मनाने घेतलं. महिन्याला तिच्या घरी जाऊन यायचे. आणि आल्यावर पहिलं काय केलं, तर सगळे रिमोट कपाटात बंद."

"कसले रिमोट?"

"छोट्या गाड्यांच्या सीटखाली एक डबी असते. शिकाऊ माणूस भलतीकडे निघाला की आपण खालून बटण दाबायचं, इंजिन बंद. मोठ्या गाड्यांना नसते ती. आता मी शिट्टीवर भागवतो."

"तुमचं आणि थोरल्यांचं पटत होतं?" हा प्रश्न भावजींचा. वहिनींनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"मागच्या आठवड्यात मला झापलं होतं त्यांनी. गिऱ्हाइकाला हेल्मेट न घालता सोडलं म्हणून. सगळ्यांदेखत." तो उठला. "बरोबर होतं त्यांचं. आता कोण झापणार?"

तो जायला निघाला, तशी वहिनींनी हाक मारली. "अपघातानंतर इथे कोणी आलं होतं?"

"पोलीस आले. आणि काल धाकटे साहेब. खाली वाकून बराच वेळ काहीतरी शोधत होते. गाडीची किल्ली पडली म्हणाले. मी म्हटलं, मी बघतो. तर म्हणाले, नको, तू जा."

*

धाकट्यांचं ऑफिस पायथ्यालाच होतं. व्हरांड्यात उभं राहिलं की मोठी चढण तळहातासारखी दिसे. धाकटे तिशीतले, नीटनेटके, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी खुर्च्या पुढे केल्या. भिंतीवरच्या हुकांना किल्ल्यांचे जुडगे टांगले होते. त्यांच्या गाडीची किल्लीही त्यातच होती, चांदीचा हत्ती लावलेली. भावजींना असल्या गोष्टी कारण नसताना दिसत.

"मिस्त्रीबद्दल माझ्या मनात राग नाही," धाकटे म्हणाले. "चूक झाली त्याच्या हातून. पण दादा परत येत नाही."

"गाडी कुठे ठेवली होती?"

"शेडमध्ये आणून लगेच कुलूप घातलं. पोलिसांचा माणूस येईपर्यंत कोणी हात लावू नये म्हणून. किल्ली माझ्याकडेच होती."

"तुम्हाला इंजिनातलं कळतं?"

"सुरुवातीला आम्ही दोघा भावांनीच गाड्या खोलल्यात. मिस्त्री ठेवायची ऐपत कुठे होती? आता सवय गेली." ते किंचित हसले, आणि हसल्याचं त्यांना स्वतःलाच बरं वाटलं नसावं.

"रिमोटचं कपाट बघू?"

त्यांनी खिशातली किल्ली काढून कपाट उघडलं. आत तीन काळे रिमोट होते, पाठीवर कोरलेले आकडे. एक, दोन, तीन.

"शिकाऊ गाड्या चार दिसतात बाहेर."

"चौथा बिघडला होता. फेकून दिला."

"अपघाताच्या वेळी आपण?"

"इथेच. व्हरांड्यात." त्यांनी डोळ्यांवर हात ठेवला. "डोळ्यांसमोर झालं सगळं."

खाली उतरताना वहिनी शिकाऊ गाड्यांपाशी थांबल्या आणि त्यांनी एकेक सीट उचलून पाहिली. तीन सीटखाली काडेपेटीएवढी डबी चिकटवलेली होती. चौथीच्या सीटखाली डबीच्या आकाराचा स्वच्छ चौकोन आणि सभोवती वर्षभराची धूळ.

"बिघडला तर रिमोट बिघडला," भावजी म्हणाले. "डबी कुठे गेली?"

"शाबास," वहिनी म्हणाल्या. भावजींना इतका आनंद झाला की पुढचं काही विचारायचं ते विसरले.

*

दोघा भावांची आई कॅम्पमागच्या घरात राहत होती. थोरल्याने लग्न केलं नव्हतं, धाकट्याचं ठरत होतं. म्हातारी घड्या घालत बसली होती. एका बाजूला थोरल्याचे कपडे, एका बाजूला धाकट्याचे. थोरल्याच्या शर्टांच्या घड्या ती पुन्हा मोडत होती, पुन्हा घालत होती.

"थांबले की काही सुचत नाही," ती म्हणाली. "बसा. कोणीतरी येऊन बसलं की बरं वाटतं."

खिडकीच्या फळीवर धुण्याआधी खिशांतून काढलेल्या वस्तू होत्या. चुरगळलेला रुमाल, दोन नाणी, कंगवा आणि किल्लीसारखी काहीतरी काळी वस्तू. भावजींची नजर त्यावरून फिरली आणि पुढच्या भिंतीवरच्या दोघा भावांच्या फोटोवर गेली. फोटोत धाकटा थोरल्याच्या खांद्यावर बसला होता.

"त्या मुलीकडे जायचा ना थोरला?" वहिनींनी विचारलं.

"जायचा. आला की जेवायचा नाही. ह्या आठवड्यात म्हणाला, 'आई, आता तिच्या आईवडलांना सगळं सांगून टाकतो. मग आपलं हे सगळं बंद होईल. चालेल ना?' मी म्हटलं, खरं असेल ते सांग, मीठ-भाकर कुठेही मिळते." तिने शर्टाची घडी छातीशी धरली. "काय सांगणार होता ते नाही बोलला."

"धाकट्याला माहीत होतं?"

"दोघांचं त्यावरूनच वाजलं ना! जेवता जेवता. पहिल्यांदाच."

बाहेर आल्यावर वहिनी गाडीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. भावजींनी दार उघडून धरलं तरी त्या बसेनात. मग त्यांनी इन्स्पेक्टरांना फोन केला.

*

इन्स्पेक्टर वहिनींच्या जुन्या ओळखीचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेडमध्ये हजर झाले, तेही कुरकुरत. "बाई, केस सरळ आहे. उगाच डोंगर पोखरू नका. उंदीरसुद्धा निघणार नाही."

उलटलेली गाडी आता सरळ उभी होती. हँडल वाकलेलं, सीट फाटलेली. इंजिनाच्या डोक्याचं झाकण काढलेलं होतं. आत कॅमचं दातेरी चाक आणि त्याचे दोन बोल्ट, दोन्हींवर लाल रेघ. रेघ अखंड.

"ही बघा खूण," इन्स्पेक्टर म्हणाले. "इथे हवी, ती तीन दाते पलीकडे आहे. इंजिन हाताने फिरवलं तर मध्येच अडतं. व्हॉल्व्ह पिस्टनला जाऊन टेकतो, असं आमचा माणूस म्हणाला."

"प्लगच्या भोकातून आत बघितलंत?"

"कशाला?"

वहिनींनी प्लग काढला, बारीक टॉर्च आत सोडला आणि एक डोळा मिटून पाहिलं. मग बाजूला होऊन इन्स्पेक्टरांना बघायला लावलं. पिस्टनच्या माथ्यावर काजळीचा एकसारखा थर होता. कुठे ओरखडा नाही, खड्डा नाही.

"आता भावजी, तुम्ही. रेघेचा रंग सांगा."

भावजी चष्मा सावरून वाकले. "लाल. पण डाळिंबी नाही हो! ह्यात नारिंगी आहे. तो खडकांवरच्या बाणांचा रंग आहे." त्यांनी सवयीने नखाने रेघेची कड खरवडली. रेघ सबंध निघून त्यांच्या बोटाला चिकटली, दुधावरची साय निघावी तशी. खाली बोल्ट तेलाने चमकत होता. भावजी घाबरले. "अरे देवा, पुरावा निघाला! तेलकट कागदावर पोरं असेच रंग लावायची. वाळले की पापुद्रा."

"दुसऱ्या बोल्टला हात लावू नका," वहिनी म्हणाल्या. "तो इन्स्पेक्टरसाहेबांसाठी ठेवा."

मग त्यांनी फाटकी सीट उचलली. खालचा पत्रा स्वच्छ होता, पण बॅटरीशेजारी काडेपेटीएवढा चिकट डाग होता. त्यावर माती बसली होती. शेजारच्या वायरीवर नवी काळी टेप होती.

इन्स्पेक्टरांची कुरकुर केव्हाच थांबली होती.

"साहेब, घराच्या झडतीचा कागद बरोबर ठेवा," वहिनी म्हणाल्या. "पण मी सांगेपर्यंत खिशातून काढू नका."

*

सगळे ऑफिसच्या व्हरांड्यात जमले. धाकटे, शिट्टी, इन्स्पेक्टर, एका टोकाला मिस्त्रीची बायको आणि आतल्या खुर्चीवर म्हातारी. भावजींनी शिट्टीच्या जवळची जागा धरली होती. बाणांचा रंग शिट्टीचा, झापलं गेलं ते शिट्टीला. तो पळालाच तर पकडायचं, असा त्यांचा बेत होता.

"टायमिंग तीन दाते चुकलेलं आहे," वहिनींनी सुरुवात केली. "प्रश्न एवढाच, की कधी चुकलं? मिस्त्रीने सकाळी चुकीचं बसवलं असतं, तर गाडी शेडच्या दारातून बाहेर पडली नसती. ती फेरी मारून अर्धी चढण चढली. बरं, चढणीवर चेन उडून सरकली म्हणावी, तर धावत्या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळला असता. हाताने फिरवलं तरी तो टेकतो. मग पिस्टनवर घाव हवेत. तिथे काजळीसुद्धा हललेली नाही. म्हणजे टायमिंग सरकवलं ते इंजिन बंद असताना, अपघातानंतर. त्यानंतर हे इंजिन एकदाही चाललेलं नाही."

"पण रेघ शाबूत आहे," धाकटे म्हणाले.

"आहे. तिनेच मला सांगितलं. मिस्त्री बोल्ट पुसून कोरडा करतो आणि मग रेघ मारतो. नंतर इंजिन चाललं की तेल उडतं, ते रेघेच्या वर बसतं. इथे उलटं आहे. तेल खाली, रेघ वर. शिवाय मिस्त्रीची रेघ डाळिंबी, ही बाणांच्या डब्यातली. त्याची बाटली त्या दुपारपासून त्याच्या बायकोच्या उशाशी आहे. सरकवणाऱ्याने शेडमध्ये टॉर्चच्या उजेडात एक लाल पाहिला आणि दुसरा लाल लावला."

मिस्त्रीच्या बायकोने तोंडावर पदर घेतला.

"मग गाडी बंद का पडली? शिट्टी म्हणतो, नळ बंद करावा तशी. बिघडलेलं इंजिन खोकतं, धडपडतं. बटणाने बंद केलेलं नुसतं गप्प होतं. मोठ्या गाडीला डबी नसते. पण हिच्या सीटखाली डबीचा चिकट डाग आहे. सकाळी मिस्त्रीने तो पत्रा लख्ख केला होता. म्हणजे डबी बसली ती मिस्त्री जेवायला गेल्यावर आणि निघाली अपघातानंतर. एका शिकाऊ गाडीची डबी गायब आहे आणि तिचाच रिमोट, चार नंबरचा."

"रिमोट शिट्टीला वापरता येतात!" भावजींना राहवलं नाही.

"येतात, भावजी. पण कपाटाची किल्ली त्याच्याकडे नाही. अपघातानंतर शेडचीही नाही. दोन्ही एकाच माणसाकडे होत्या, आणि त्याला इंजिन खोलता येतं." वहिनींनी धाकट्यांकडे पाहिलं. "तुम्ही एक दाता सरकवला असता ना, तर मलाही घाम फुटला असता. पण तुम्हाला चूक ठसठशीत दिसायला हवी होती."

"आणि मी माझ्या भावाला का मारीन?" धाकट्यांचा आवाज अजून शांत होता.

"त्या मुलीसाठी. ती स्वतःच्या चुकीने पडली होती, तर तुमच्या दादाने रिमोट कपाटात का घातले? तिने काही दाबलंच नव्हतं. खाली कोणीतरी गंमत म्हणून बटण दाबलं होतं. ट्रॅकवर तुम्ही होतात. दादाने वर्षभर ते पोटात ठेवलं, आणि ह्या आठवड्यात तो तिच्या घरी जाऊन सांगणार होता. इंजिन उघडलेली गाडी तो स्वतः चढवणार हे तुम्हाला माहीत होतं. त्या दिवशी चूक अंगावर ढकलायला मिस्त्री आयता मिळाला."

मग धाकटे हसले. ह्या वेळी नीट हसले.

"गोष्ट छान आहे. रंग, तेल, डाग. रिमोट कुठे आहे? डबी कुठे आहे? ते नाही तर हा सगळा तुमचा कल्पनेचा खेळ."

"परवा तुम्ही तो चढणीवर शोधत होतात," वहिनी म्हणाल्या. "गाडीची किल्ली म्हणून. किल्ली तर त्या हुकाला आहे, हत्तीची."

धाकट्यांनी हुकाकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. इन्स्पेक्टरांचा हात खिशाकडे गेला. वहिनींनी मान हलवून त्यांना थांबवलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. म्हातारी उठली होती. कोणाकडे न बघता ती मागच्या दाराने घराकडे गेली. भावजींना वाटलं, तिला हे ऐकवेना. तिच्यामागे जावं का, असा विचार करत ते अर्धवट उठलेही. पण ती परत येत होती, भिंतीला हात लावत, सावकाश.

तिने मूठ टेबलावर उघडली. काळी, किल्लीसारखी वस्तू. पाठीवर चार आकडा.

"ह्याच्या पँटच्या खिशात होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी अंगाला दादाचं रक्त लागलं म्हणून कपडे माझ्यापुढे टाकले ह्याने. मला वाटलं कसली तरी किल्ली. काल विचारणार होते, विसरले."

"आई," धाकटे म्हणाले. इतका वेळ शांत असलेला तो आवाज एकाएकी लहान मुलाचा झाला. "आई, मी फक्त... तो सगळं बंद करणार होता. मला आत जावं लागलं असतं, आई."

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं.

"त्याने तुला खांद्यावर घेऊन शाळेत सोडलंय रे."

इन्स्पेक्टरांनी धाकट्यांच्या दंडाला धरलं. त्यांनी विरोध केला नाही. डबी कुठे पुरली तेही त्यांनी पायऱ्या उतरता उतरता सांगून टाकलं. शिट्टी खाली बसून ढसाढसा रडत होता. भावजींना स्वतःच्या बेताची अशी लाज वाटली की त्यांनी आपला रुमाल त्याच्या हातात कोंबला.

म्हातारी मिस्त्रीच्या बायकोपुढे जाऊन उभी राहिली. "तुझ्या नवऱ्याला आज घरी आण, पोरी. माझ्या घरचं पाप त्याच्या माथी मारलं होतं."

मिस्त्रीची बायको खाली वाकली आणि म्हातारीला मिठी मारून रडली.

गाडीकडे जाताना भावजींनी हळूच विचारलं, "ती वस्तू खिडकीत होती ना? मीही पाहिली. तुम्ही कालच ओळखली असेल. मग?"

"ओळखली. झडतीत सापडली असतीच. मिस्त्री कसाही सुटला असता." वहिनी थकलेल्या दिसत होत्या. "पण घर त्यांचं आहे, भावजी. दोन्ही मुलं त्यांची. निदान विचारल्याशिवाय हिसकावून घ्यायला नको वाटलं."

मागून हाक आली. म्हातारी काठी न घेताच धावल्यासारखी येत होती. ती स्वच्छ लुगडं नेसली होती, हातात पिशवीही नव्हती.

"तुमची गाडी रिकामी आहे का?" तिने भावजींना विचारलं. "त्या मुलीच्या घरी न्याल मला? थोरला ह्या आठवड्यात जाणार होता. आठवडा संपत आला."

भावजींनी मागचं दार उघडलं. ती आत बसली, पदर सारखा केला आणि पत्ता सांगितला. तो तिला पाठ होता.